शेवटची कॉर्ड

सकाळी आईने चहा कपात न ओतता कपाच्या शेजारी ओतला. म्हणजे किटली नेहमीसारखी उचलली, मान हल्लीच्या सवयीने थोडी तिरपी केली, आणि अगदी शांतपणे, एक थेंब इकडेतिकडे न उडवता, चहा टेबलावर ओतला. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिच्या मांडीवर ठिबकायला लागला, तेव्हा कुठे तिला कळलं. "अगं बाई," ती म्हणाली. एवढंच. लेकीने धावत फडकं आणलं, टेबल पुसलं, "भाजलं का?" म्हणून विचारलं, "नाही गं" हे उत्तर ऐकलं, आणि मग उगाचच आवाज चढवून म्हणाली, "तुला हजारदा सांगितलंय, मी ओतत जाईन म्हणून!" हजारदा सोडाच, एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली आहे हे आजवर कबूलच कुठे केलं होतं? आई रिकाम्या कपाकडे बघत होती, म्हणजे कपाच्या जरा डावीकडे बघत होती, कारण सरळ बघितलं की कप नाहीसा होतो, हे आता दोघींनाही माहीत होतं.

वर्तमानपत्राच्या कचेरीत या लेकीला सगळे ताई म्हणत, अगदी मालकसुद्धा. तेव्हा आपणही ताईच म्हणू. तर ताई त्या दिवशी बसच्या रांगेत उभी राहिली तीच मुळी कावलेली. पुढच्या माणसाची पिशवी तिच्या गुडघ्याला लागत होती, त्यावरून ती कावली. बस आली ती भरलेली आली, त्यावरून कावली. खिडकीशेजारी बसायला मिळालं तर खिडकी उघडेना. पण हे सगळं वरवरचं होतं. आत टेबलावरून चहा वाहत होता, आणि त्याच्यामागे डोळ्यांच्या डॉक्टरांचं वाक्य होतं. डॉक्टर तरुण होते, नम्र होते, आणि म्हणूनच जास्त चीड आणत होते. "कडेकडेचं दिसत राहील हो आजींना," ते म्हणाले होते, जणू काही ही मोठी सोय होती. "मधला भाग जाईल. घरात वावरतील, माणसं ओळखतील. वाचन मात्र... तर आत्ता काय वाचायचं असेल ते वाचून घेऊ देत." वाचून घेऊ देत म्हणजे काय? म्हातारीने आता काय परीक्षेला बसायचंय? आईने मात्र मान डोलावली होती, आणि घरी आल्यावर कपाटातून भिंग काढून पुसून ठेवलं होतं. तेव्हापासून ती रोज सकाळी भिंग घेऊन पेपर वाचते. सगळा नाही. ठळक मथळे, मग मृत्यूच्या बातम्या, मग लेकीचं सदर. एकेक अक्षर भिंगाखालून सरकवत, ओठ हलवत. मधेच थांबते, मान वळवते, अक्षर हुकलेलं असतं ते कडेने पकडते. हे बघवत नाही म्हणून ताई त्या वेळी मुद्दाम आंघोळीला जाते.

लेकीचं सदर म्हणजे 'याच दिवशी, आपल्या शहरात'. दुसऱ्या पानावर, तळाला, हवामानाच्या चौकटीला चिकटून. कुठल्या तरी जुन्या संपादकाने कधी तरी सुरू केलं आणि बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून चालू राहिलं. त्या त्या तारखेला शहरात पूर्वी काय काय घडलं, त्याच्या चार-पाच ओळी. ताई नोकरीला लागली तेव्हा नवी म्हणून हे तिच्या गळ्यात मारलं, आणि आता ती कचेरीत सगळ्यांत जुनी झाली तरी ते गळ्यातच आहे. सदराचा नियम एकच: आपल्या पेपरच्या जुन्या फायलींत जे छापलं असेल तेच घ्यायचं. दुसरीकडचं काही नाही, ऐकीव तर मुळीच नाही. छापलंय ते खरं. ताईने उभी हयात त्या फायलींच्या खोलीत नाकाला पदर लावून काढली. कागदाचा पिवळा भुगा तिच्या नखांत, केसांत, डब्यातसुद्धा जायचा. आणि एवढं करून सदर वाचतं कोण? निवृत्त लोक, वकिलांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसलेले अशील, आणि आई.

"उद्याचं काय आहे, ताई?" संपादकांनी दारातूनच विचारलं. हे संपादक मालकांचे पुतणे होते, आणि ताई मनातल्या मनात त्यांना चिरंजीव म्हणायची. चिरंजीवांना कशाचंच काही वाटायचं नाही, हा त्यांचा मोठा गुण. "गेल्या वर्षीचं उचला ना सरळ," ते म्हणाले. "इतिहास काय दरवर्षी बदलतो थोडाच?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन निघून गेले. ताईने गेल्या वर्षीचं पान उघडलं. तारीख बघितली. म्हणजे उद्याच होती ती. चहाच्या भानगडीत तिला तारखेचं भानच राहिलं नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदाच राहिलं नव्हतं.

तशी ही तारीख शहराच्या दृष्टीने भरगच्च. याच दिवशी नदीवरचा दगडी पूल वाहतुकीला खुला झाला आणि पहिल्याच तासात त्याच्यावर दोन घोडागाड्या एकमेकींत अडकल्या. याच दिवशी, बऱ्याच वर्षांनी, सर्कशीतलं अस्वल सुटून न्यायालयाच्या आवारात शिरलं, आणि वकीलमंडळी, बातमीदाराच्या शब्दांत सांगायचं तर, 'कामकाज अर्धवट टाकून वरच्या मजल्यावर गेली'. याच दिवशी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीला आग लागून सगळी कागदपत्रं जळाली, ज्याचं दुःख, ताईच्या अंदाजाने, फार थोड्यांना झालं असावं. आणि याच दिवशी शहरातलं हाताने चालवायचं टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन आपोआप चालणारं सुरू झालं. 'जुन्या एक्स्चेंजमधला शेवटचा कॉल महापौरांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांना केला. तो जोडण्याचा मान ज्येष्ठ टेलिफोन ऑपरेटर...' आणि पुढे नाव. आडनावासकट, मानाचं 'श्रीमती' लावून. आणि ते नाव आईचं नव्हतं. मैनामावशीचं होतं.

दरवर्षी या दिवशी घरात जे व्हायचं ते ताईला शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं. वडील पेपर उघडायचे, दुसऱ्या पानाच्या तळाशी जायचे, आणि चष्मा काढायचे. चष्मा काढणं ही खूण. "पुन्हा!" ते म्हणायचे. "पुन्हा तिचंच नाव! अरे, कॉल जोडला कुणी? हिने! आणि मान कुणाला? त्या मैनेला!" आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "जाऊ दे ना." वडील म्हणायचे, "का जाऊ दे? शहराच्या इतिहासात नाव आहे, चेष्टा आहे का?" आई म्हणायची, "चहा गार होतोय." आणि ताई, आधी फ्रॉकमध्ये, मग ओढणीत, मग कचेरीत निघायच्या घाईत, मधे उभी राहून वडिलांच्या बाजूने पेटायची. सदर तिच्याकडे आलं तेव्हा वडिलांना वाटलं, चला, आता न्याय होणार. पण न्याय होतोय कुठला? तेव्हाच्या संपादकांनी फाइल मागवली, त्या दिवशीचं पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याच पेपरात छापलंय, ताई. बातमीदार महापौरांच्या शेजारी उभा होता." शेजारी उभा होता म्हणूनच तर! महापौरांच्या दालनात उभं राहून त्याला एक्स्चेंजमध्ये कुणाचा हात कुठे गेला ते काय कपाळ दिसणार? त्याला ऐकू आला एक आवाज. मग त्याने सुपरवायझरबाईंना नाव विचारलं, त्यांनी मैनाचं सांगितलं, झालं. एकदा शाईने लागलं की लागलं. वडील गेले ते हा सल मागे ठेवून गेले, आणि ताईने तो दागिन्यासारखा जपला.

मैनामावशी म्हणजे आईची शेजारीण, एक्स्चेंजमधल्या बोर्डावरची. तिचा आवाज असा गोड की लोक नंबर सांगायचं विसरून जायचे म्हणे, म्हणून मैना. ताईला ती आठवायची ती हातांनी: लांब बोटं, आणि तर्जनीच्या टोकाला कॉल जोडायच्या वायरीच्या, म्हणजे कॉर्डीच्या, पितळी टोकाने पडलेला घट्टा. तसाच घट्टा आईलाही होता. लहानपणी आई कामावरून यायची तेव्हा तिच्या केसांवर हेडफोनच्या पट्ट्याची आडवी खूण असायची, एक कान लाल असायचा, आणि पहिला अर्धा तास ती घरातल्यांशीसुद्धा त्या दुसऱ्याच आवाजात बोलायची, सपाट, स्वच्छ, कुणाचाच नसलेला. "जेवायला वाढू का?" हेसुद्धा त्या आवाजात आलं की ताई रडायची. हा आवाज नको, माझी आई दे, असं म्हणायची. हे आठवून आता, टेबलाशी बसल्या बसल्या, तिला स्वतःचाच राग आला. तेव्हा रडायला कसं सुचायचं, आणि आज सकाळी ओरडायलाच कसं सुचलं? मधल्या सगळ्या वर्षांत तिने आईला कधी सरळ विचारलं नव्हतं, त्या दुपारी नक्की काय झालं गं? विचारायची गरजच वाटली नव्हती. "शेवटची कॉर्ड मी लावली," असं आई एकदा वडिलांना म्हणाली होती, लसूण सोलता सोलता, आणि त्या एका वाक्यावर वडिलांनी आयुष्यभराचं भांडण उभं केलं होतं. तेवढा पाया पुरेसा होता.

बाजूच्या टेबलावर कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला आणि ताईचे कागद उडाले. "अहो!" ती ओरडली. सगळ्यांनी वर बघितलं. ताई ओरडत नसे. तिने कागद गोळा केले, पुन्हा पडद्यासमोर बसली, आणि मैनामावशीच्या नावापुढे कर्सर लुकलुकत राहिला. पुढच्या वर्षी, तिने मनात म्हटलं, आणि लगेच दुसरं वाक्य आलं, पुढच्या वर्षी आई वाचू शकणार नाही. वाचून दाखवता येईल, पण वाचून दाखवणं वेगळं. त्यात कुणीही काहीही वाचून दाखवेल. स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या भिंगातून, स्वतःचं नाव, छापलेलं, हे याच वर्षी. उद्याच. नियम, फाइल, पुरावा, चिरंजीव, गेले सगळे खड्ड्यात. तिचं बोट त्या नावावरून मागे मागे गेलं. एकेक अक्षर पुसलं गेलं, आणि शेवटी 'श्रीमती' तेवढं उरलं. मग तिने आईचं नाव लिहिलं. मधलं नाव, आडनाव, सगळं. कुणी बघत नव्हतं, कुणी बघणारही नव्हतं. हे सदर छापायच्या आधी ताईशिवाय कुणी वाचत नसे, आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचं बरं वाटलं. पान पाठवून दिल्यावर तिला एकदम भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली नाही. आधी तिने चहा ओतला, दोन्ही कपांत, आणि आईने ते मुकाट्याने ओतू दिलं. मग आईने भिंग घेतलं. मथळे झाले. मृत्यूच्या बातम्या झाल्या, त्यात ओळखीचं कुणी नव्हतं. ताई खुर्चीच्या टोकावर बसून बघत होती, आणि आईचा हा संथपणा तिला असह्य होत होता. पूल आला. घोडागाड्या आल्या. अस्वलापाशी आई नेहमीसारखी हसली. आगीवर भिंग रेंगाळलं. देवा, आता सरक की पुढे! भिंग सरकलं. आईचे ओठ हलत होते: शेवटचा... कॉल... महापौरांनी... जोडण्याचा... मान... मग ओठ थांबले. आईने मान डावीकडे वळवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. भिंग एक ओळ मागे गेलं आणि पुन्हा त्याच जागी आलं. आता रडेल, तिला वाटलं. आता म्हणेल, हे असायला हवे होते गं बघायला.

"हे कुणी छापलं?" आईने विचारलं.

"पेपरने."

"पेपरला हात असतात का? कुणी छापलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला काय विचारायचंय त्यात? खरं आहे ते! शेवटची कॉर्ड तू लावलीस ना? का नाही लावलीस? सांग!"

"लावली," आई म्हणाली. "कॉर्ड मी लावली. कॉल मैनाचा होता."

ताईला वाटलं, आईचं डोकंसुद्धा डोळ्यांच्या मागोमाग चाललं की काय. "म्हणजे काय?" ती म्हणाली. "कॉर्ड तुझी आणि कॉल तिचा, असं कुठे असतं का?"

"तिथे होतं," आई म्हणाली. तिने भिंग टेबलावर ठेवलं, उलटं, काच वर. "तिथे बोर्ड जिचा तिचाच कॉल. आम्ही ओळीने चिकटून बसायचो. एखादीला चक्कर यायची, एखादीचं पोट दुखायचं, एखादीला घरचं आठवून रडू यायचं. बोर्डावर कॉलचे दिवे तर पेटतच राहायचे. मग शेजारणीने हात लांबवायचा आणि कॉर्ड लावायची, बोलायची, आणि हात मागे घ्यायचा. मोजणी बोर्डाची व्हायची. तो कॉल शेजारणीने स्वतःचा म्हणायचा नाही, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. म्हटला तर दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी कुणी हात लांबवायची नाही. बोलायचंसुद्धा जिचा बोर्ड तिच्या आवाजात. तेवढं यायचं आम्हाला सगळ्यांना."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मैनाच्या बोर्डावर दिवा लागला. तो शेवटचा म्हणून मुद्दाम तिला दिला होता, सगळ्यांत जुनी ती. आम्हा बाकीच्यांना कारकुनीत घेणार होते. तिचं शिक्षण कमी, तिला घरी पाठवणार होते. दिवा लागला, तिने कॉर्ड हातात घेतली, आणि तिचा आवाजच फुटेना. डोळे भरलेत, आणि तिकडे महापौर वाट बघतायत. सुपरवायझरबाई मागे उभ्या. म्हणून मी तिच्या हातातून कॉर्ड घेतली, लावली, आणि तिच्या आवाजात म्हणाले, 'नंबर, साहेब?' बाईंनी बघितलं आणि मान फिरवली. त्यांनी नाव मैनाचं सांगितलं, ते बरोबरच सांगितलं. चूक कुणाचीच नव्हती. आज झालीय ती."

ताई चिडली. "मग बाबा?" ती म्हणाली. "ते जन्मभर चडफडत राहिले त्याचं काय? त्यांना का नाही सांगितलंस हे?"

"सांगितलं होतं. ऐकलं नाही. त्यांना चहाबरोबर काहीतरी लागायचंच. हे सापडलं." आईने कप उचलला, अचूक, आणि एक घोट घेतला. "तुला सांगणार होते. पण तूही त्यांच्याबरोबर चहा प्यायला लागलीस."

हे म्हणजे अती झालं. ज्या बाईसाठी आपण नोकरीतला नियम मोडला, ती बाई आपल्यालाच चहाचे टोमणे मारतेय! ताई उठली, खिडकीशी गेली, खिडकी उघडीच होती ती आणखी उघडायला गेली. रस्त्यावर समोरचा वाणी दुकानापुढे पाणी मारत होता. सगळ्या शहराच्या दारात आज तो पेपर पडला होता, त्यात ती ओळ होती, आणि ती आता परत गोळा करता येत नव्हती. "तुला एवढंसुद्धा बरं नाही का वाटलं?" ती पाठमोरीच म्हणाली. "स्वतःचं नाव बघून? एक क्षणसुद्धा?"

आईने भिंग बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा मला शेवटी शेवटी बसवत नसे. पाय सुजायचे. रजा घेतली असती तर नोकरी गेली असती. महिनाभर माझ्या बोर्डावरचे निम्मे कॉल मैनाने घेतले, माझ्या आवाजात. पगार मला मिळाला, बढती मला मिळाली. ती एका शब्दाने कधी बोलली नाही. आता तिच्याकडे काय आहे सांग? पुतण्याच्या घरात मागची खोली, आणि वर्षातून एकदा ती ओळ. पुतण्याच्या सुनेला दाखवते, शेजारपाजारी दाखवते. सहाला उठून पेपरची वाट बघते आज. आणि तू मला विचारतेस बरं वाटलं का."

ताई वळली. आईचा चेहरा तिच्याकडे होता, पण नजर नेहमीप्रमाणे खांद्यावरून कुठेतरी पलीकडे, आणि त्यामुळे आपण बघितले जात आहोत की नाही हेच कळत नव्हतं. तिला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, आणि वयाच्या या टप्प्यावर लहान वाटून घेण्याची तिला लाज वाटली. आईसाठी, आईसाठी म्हणत तिने जे केलं त्यात आई कुठे होती? वडील होते, त्यांचा चष्मा होता, शाळेपासून साठवलेला राग होता. आणि उद्या मावळणारी ती दृष्टी, तिचंसुद्धा तिने स्वतःच्याच कैफियतीसाठी निमित्त केलं होतं. आपण वाईट माणूस नाही, ती स्वतःला म्हणाली, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही.

"दुरुस्ती छापते," ती म्हणाली. "उद्याच्या अंकात. 'नजरचुकीने' म्हणून."

"छाप. पण आधी तिला फोन लाव."

"तू बोल."

"मी काय बोलू? मी छापलं का? ज्याने केलं त्याने बोलावं."

नंबर आईने तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा सुटा, मधे सारखं अंतर ठेवून. पलीकडे घंटी वाजत राहिली. ताई मनात वाक्यं जुळवत होती: मावशी, कचेरीत गडबड झाली, मावशी, संगणकाने केलं. दोन्ही खोटी होती आणि दोन्ही तिला लगेच सुचली होती. मग फोन उचलला गेला. "कोण?" मैनामावशीने विचारलं. ताईने तो आवाज फार वर्षांनी ऐकला. गोडवा गेला होता, आत नुसती खरखर उरली होती.

"मी बोलतेय, मावशी." ताईने आपण कोण, कुणाची ते सांगितलं. "मावशी, ते आजच्या पेपरात..."

"अगं, पेपर?" मावशी घाईघाईने म्हणाली. "पेपर आलाच नाही बघ आज आमच्याकडे. काय झालंय पेपरवाल्याला कुणास ठाऊक. सकाळपासून वाट बघतेय."

ताईला पलीकडे कागदाची घडी पडल्याचा आवाज आला. मग लांबून एका पुरुषाचा आवाज: "काकू, झाला का पेपर वाचून? दे की इकडे!" मावशी मोठ्यांदा खोकली. खोकत राहिली. म्हणजे वाचलंय, ताईला कळलं. सहाला उठून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय, कदाचित दोनदा. आणि आता ही बाई मला सांभाळून घेतेय! या बायकांना हात आखडता येतच नाही का? तिला रिसीव्हर आपटावासा वाटला, तिला मावशीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि यातलं काहीच टेलिफोनवर करता येत नव्हतं.

"आई बरी आहे ना तुझी?" मावशीने विचारलं. "डोळे?"

"आहे," ताई म्हणाली. "वाचते अजून."

"मग बरं," मावशी म्हणाली. "आजचा गेला तर जाऊ दे गं. एखाद्या दिवशी नाही येत पेपर." आणि मग, अगदी हळू, त्या खरखरीतून जुन्या आवाजाचा एक धागा वर आला. "उद्याचा तरी येईल ना?"

ताईने तोंड उघडलं. येईल, एवढंच तर म्हणायचं होतं. ओठ हलले, आणि आवाजच फुटेना. पलीकडे मावशी वाट बघत होती. तिच्या श्वासाची खरखर ऐकू येत होती. तेवढ्यात शेजारून एक हात आला. न बघता, न चाचपडता, आईने ताईच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि कानाला लावला.

"येईल, मावशी," आई ताईच्या आवाजात म्हणाली. "उद्याचा नक्की येईल."